एक रुपया दंड, पंचवीस हजार दंड

शंभर वर्षांपूर्वी आमच्या कोल्हापुरात मुलाला शाळेत न घालणाऱ्या आईबापांना दंड होता. महिन्याला एक रुपया. आज देशात जो कायदा आहे त्यात दंड आहे तो शाळेला. प्रवेश देताना मुलाची किंवा त्याच्या आईबापांची चाळणी लावली तर पहिल्या खेपेला पंचवीस हजार रुपयांपर्यंत, आणि पुढच्या प्रत्येक खेपेला पन्नास हजारांपर्यंत. पहिला दंड शाहू महाराजांनी १९१७ साली लावला, दुसरा संसदेनं २००९ साली.

या दोन दंडांमध्ये ब्याण्णव वर्षं आहेत. तेवढ्या काळात असं काय झालं की दंड आईबापांच्या डोक्यावरून उठून शाळेच्या डोक्यावर जाऊन बसला, हे आज लिहायचं मनात आहे.

निमित्त घरचंच. माझ्या भाचीची मुलगी साडेतीन वर्षांची झाली. तिच्यासाठी एका खासगी इंग्रजी शाळेत अर्ज केलाय. (शाळेचं नाव लिहीत नाही, कारण गोष्ट एका शाळेची नाहीच.) शाळेकडून निरोप आलाय की अमुक दिवशी आई, वडील आणि मूल, तिघांनी 'फॅमिली मीटिंग'ला यावं. भाचीच्या नवऱ्याचं उद्यमनगरात वर्कशॉप आहे. आयटीआय करून दुसऱ्याच्या लेथवर बारा वर्षं काढली, मग स्वतःची दोन मशिनं टाकली. परवा तो आला. चहा झाला, पावसापाण्याच्या गप्पा झाल्या, आणि उठता उठता म्हणाला, "मावशी, वडील काय करतात म्हणून विचारलं, आणि लेथ चालवतो म्हणून सांगितलं, तर चालतंय काय? का बिझनेस म्हणू?"

भाची तर महिनाभर तयारीलाच लागली आहे. पोरीला रंगांची नावं इंग्रजीत पाठ, फळांची पाठ, 'व्हॉट इज युवर नेम' पाठ. जास्वंदीचं फूल दाखवून तिला रंग विचारला की ती आधी आईच्या तोंडाकडे बघते.

मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. तेव्हा त्याच्या प्रश्नाचं उत्तर लगेच न देता मी जरा मागं गेले. मागं जायची आम्हाला सवयच.

घराची चौकशी करून मगच शिष्य घ्यायचा ही रीत फार जुनी आहे. छांदोग्य उपनिषदात सत्यकामाची गोष्ट आहे. मुलाला गुरूकडे जायचं असतं. गुरू गोत्र विचारणार, म्हणून तो आईला आपलं गोत्र विचारतो. आई जबाला सांगते, बाळा, तरुणपणी मी घरोघरी सेवा करत होते, तेव्हा तू झालास. तुझं गोत्र मला ठाऊक नाही. तू सत्यकाम, मी जबाला. तू सत्यकाम जाबाल असंच सांग. मुलगा हारिद्रुमत गौतमांसमोर जसंच्या तसं तेच सांगतो. गुरू म्हणतात, इतकं खरं बोलणारा अब्राह्मण असणार नाही. समिधा घेऊन ये, मी तुझं उपनयन करतो.

ही गोष्ट वर्गात सांगताना आम्ही सगळे खरेपणावर जोर द्यायचो. पण नीट बघितलं तर त्यात दोन गोष्टी आहेत. एक, त्या दारात घराणं विचारलं जात होतं, आणि गुरूनं आत घेतलं तेही 'तू ब्राह्मणच' असं म्हणूनच. दुसरी, आईनं मुलाला खोटं गोत्र पढवून पाठवलं नाही. माझ्या माहितीतली प्रवेशाच्या मुलाखतीची ही सगळ्यात जुनी तयारी.

पुढं पंतोजींच्या शाळा आल्या. कुणाच्या ओसरीवर, कुठं देवळात. दसऱ्याला पाटीपूजन करायचं, पंतोजींना शिधा, पागोटं द्यायचं, की झाला प्रवेश. बाप सांगून जायचा, "हाडं तेवढी आमची ठेवा." मूल आलं नाही तर पंतोजी चार दांडगी पोरं पाठवायचे आणि ती पोरं त्याला हातापायांना धरून उचलून आणायची. 'उचलबांगडी' म्हणतात ती हीच. म्हणजे त्या वेळीही शाळा मुलाच्या दारात येत होती, जरा वेगळ्या रीतीनं! पण सगळ्यांच्या दारात नाही. शेतकऱ्याच्या, बलुतेदाराच्या दारात क्वचित, मुलींच्या दारात नाहीच, आणि गावकुसाबाहेर तर कधीच नाही. तिथं मुलाखत घ्यायचीही गरज नव्हती. उत्तर आधीच ठरलेलं होतं.

हे ठरलेलं उत्तर बदलायचं काम जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ पासून पुण्यात सुरू केलं. १८८२ साली हंटर कमिशनपुढं निवेदन देताना जोतीरावांनी मागणी केली की निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. सरकारनं ते काही केलं नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ साली सगळ्या संस्थानात लागू केला. ते पाहून नामदार गोखल्यांनी १९११ साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं बिल मांडलं. त्यात सक्ती अगदी जपून, टप्प्याटप्प्यानं होती. तरी मार्च १९१२ मध्ये ते अडतीस विरुद्ध तेरा मतांनी पडलं.

ब्रिटिश हिंदुस्थानात जे पडलं ते पाच वर्षांनी कोल्हापुरात उभं राहिलं.

शाहू महाराजांचं स्वतःचं शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात झालं, १८८५ ते १८८९. राजपुत्रांसाठीच काढलेली शाळा ती. घराणं हीच तिथली प्रवेश परीक्षा. मग धारवाडला फ्रेझरसाहेबांच्या हाताखाली शिकले आणि १८९४ साली गादीवर बसले. मला नेहमी वाटतं, की निवडक दाराआडच्या शाळेत शिकलेल्या या माणसानं दारं उघडायचं काम काढलं, यातच त्यांचं मोठेपण आहे.

सुरुवात त्यांनी बोर्डिंगांपासून केली. खेड्यातलं पोर हुशार असलं तरी कोल्हापुरात राहणार कुठं, जेवणार कुठं? १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग निघालं. मग मुसलमान विद्यार्थ्यांचं, लिंगायतांचं, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, पुढं शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, ख्रिश्चन... आजही दसरा चौकात उभं राहिलं की यातल्या काहींच्या इमारती दिसतात. 'वसतिगृहांची जननी' म्हणतात कोल्हापूरला, ते यामुळं.

आता कुणी म्हणेल, बोर्डिंगांत जात विचारत होतेच की! होते. पण कशासाठी विचारत होते ते बघा. ज्याला कुठंच जागा नव्हती त्याला जागा कुठं करायची, हे ठरवायला विचारत होते. प्रश्न तोच, हेतू उलटा.

मग १९१७ साली करवीर संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. पहिली शाळा करवीर भागातल्या चिखली गावी मार्च १९१८ मध्ये निघाली. पहिल्या वर्षी अशा सत्तावीस शाळा आणि १,२९६ मुलं होती. १९२१-२२ पर्यंत शाळा ४२० आणि मुलं २२,००७ झाली. मधेच, १९१९ साली, अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सरसकट सर्वांच्या शाळेत घ्यायचा हुकूम निघाला. मे १९२२ मध्ये महाराज गेले.

आणि तो एक रुपया दंड. मजुराची रोजची कमाई आण्यांत मोजायचे ते दिवस. सोळा आण्यांचा रुपया. गुरं राखणारं पोर शाळेत गेलं तर घरातले दोन हात कमी व्हायचे, वर नाही पाठवलं तर रुपया जायचा. म्हणून काहींना हा दंड जुलमी वाटेल. पण महाराजांनी आधी शाळा मोफत केली, गावात आणली, आणि मग सक्ती केली. दरवाजा उघडा ठेवून मग विचारलं, का आला नाहीस? जाब आईबापांना होता, पण तो मूल आणलं नाही म्हणून. तुमचं मूल कशाला घ्यायचं, असं कुणी विचारत नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या ४५ व्या कलमात लिहिलं गेलं की दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न सरकार करेल. दहा वर्षं म्हणजे १९६० साल. ते आलं आणि गेलं.

माझ्या पिढीचा शाळाप्रवेश या काळातला. तेव्हा मुलाखत होती बरं का! गुरुजी म्हणायचे, "उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धर." कान हाताला लागला की मूल सहा वर्षांचं झालं. एवढीच परीक्षा. हात लहान पडला तर पुढच्या वर्षी या. जन्मतारीख कुणाला ठाऊक? आई सांगायची, "मोठ्या पुराच्या साली, पंचमीच्या आधी." गुरुजी बोटं मोडून हिशोब करायचे आणि रजिस्टरात १ जून लिहायचे. म्हणून तर आमच्या वयाच्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो. माझाही. बँकेत कारकून माझ्या कागदाकडं बघून हसतो, "काकू, तुमचा पण का?"

त्या रजिस्टराबद्दल थोडं सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जात, जन्मतारीख, जन्मगाव, आधीची शाळा असे रकाने असतात. आमच्या शाळेत प्रवेशाच्या फॉर्मवर पालकाचा धंदा लिहायलाही जागा होती. मी तिथं शेती, मजुरी, गवंडीकाम, हमाली, दूधधंदा असं वर्षानुवर्षं लिहिलं. पण हे लिहायचं केव्हा? मूल घेतल्यावर. 'प्रवेश दिला' असं ठरल्यावर फॉर्म पुढं ओढायचा आणि विचारायचं, "वडील काय करतात?" कारण ते कळलं की फीमाफीचा अर्ज भरायला बरं, शिष्यवृत्ती बघायला बरं, आणि सुगीत पोर चार दिवस गैरहजर का राहिलं ते समजायला बरं.

उंबरठा ओलांडल्यावर विचारलेला प्रश्न आणि उंबरठ्याबाहेर उभं करून विचारलेला प्रश्न, शब्द तेच असले तरी एक नसतात. आत आल्यावर विचारतो तो ओळख करून घ्यायला. बाहेर विचारतो तो निवडायला.

आणि आम्ही तर फिरायचो! मी १९७४ साली नोकरीला लागले तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकांनी आसपासच्या वाड्यांवर जाऊन पाचवी-आठवीसाठी मुलं आणायची, अशी पद्धतच होती. चौथी झालेली पोरगी घरी बसणार असं कळलं की मी आणि आमच्या एक बाई मिळून जायचो. आई चुलीपुढं, बाप ओट्यावर. बाप म्हणायचा, "बाई, पोरगी शिकून काय करणार? धाकट्याला कोण सांभाळणार?" आम्ही म्हणायचो, "धाकट्याला पण घेऊन या." एकदा खरंच एक मुलगी भावाला काखेत घेऊन आली आणि तो वर्षभर शेवटच्या बाकावर झोपायचा. म्हणजे त्या काळात मुलाखत व्हायची ती आमची. ओट्यावर बसलेला बाप प्रश्न विचारणारा, आणि शिक्षक उत्तरं देणारे. काय शिकवता, कशाला शिकवता, पोरीला एकटीला येऊ देता का, आमच्यासारख्याची पोरं आहेत का तिथं... तयारी आम्हाला करून जावी लागायची!

मग हे उलटं कधी झालं?

एका दिवसात झालं नाही. शाळा वाढल्या, आईबाप शिकले, मूल शाळेत घालायचंच हे घरोघरी पक्कं झालं. महाराजांचा एक रुपया तिथं जिंकला म्हणायचं. सक्तीची गरजच उरली नाही. पण त्याच सुमाराला 'शाळेत घालायचं' याऐवजी 'कुठल्या शाळेत घालायचं' हा प्रश्न पुढं आला. इंग्रजी माध्यमाची ओढ लागली. विनाअनुदानित शाळा निघाल्या. राज्य सरकारनं २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणलं, तरी ओढा थांबला नाही. जागा शंभर, अर्ज पाचशे, अशी स्थिती झाली की दारवान महत्त्वाचा होतो. शाळेला निवडायची संधी मिळाली. आणि निवडायचं तर तीन वर्षांच्या मुलात काय बघून निवडणार? मूल तर मूलच असतं, नाक पुसत उभं. म्हणून मग आईबापांना बघू लागले. ते कसे बोलतात, काय करतात, घरी अभ्यास घेऊ शकतील का, फी वेळेवर भरतील का.

याचा धोका मोठ्या माणसांच्या ध्यानात आला नव्हता असं नाही. प्रा. यशपाल यांच्या समितीनं १९९३ साली दप्तराच्या ओझ्यावर अहवाल दिला. बालवर्गाच्या प्रवेशासाठी परीक्षा आणि मुलाखती घेणं बंद करा, असं त्यात सांगितलं होतं. पुढं दिल्लीत हे प्रकरण हायकोर्टात गेलं, अशोक गांगुली यांची समिती नेमली गेली आणि मुलाखतीऐवजी गुण देऊन प्रवेश करायची पद्धत आली. घर जवळ असलं तर गुण, भाऊबहीण त्याच शाळेत असलं तर गुण... आणि त्या यादीत आईबापांच्या शिक्षणालाही गुण! म्हणजे मुलाखतीची खोली बंद झाली, पण आईबापांची डिग्री खिडकीतून आत आलीच.

शेवटी २००९ साली बालकांचा मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या तेराव्या कलमात देणगी घ्यायला बंदी आहे, आणि मुलाला किंवा त्याच्या आईवडिलांना, पालकांना कुठलीही चाळणी लावायला बंदी आहे. आईवडिलांना, हा शब्द कायद्यात मुद्दाम घातलेला आहे. चाळणी म्हणजे काय तेही सांगितलंय. चिठ्ठी टाकण्यासारखी पद्धत सोडून, एका मुलाला डावलून दुसऱ्याला घेण्यासाठी जी काही पद्धत वापराल ती चाळणी. आणि चौदाव्या कलमात आहे की वयाचा दाखला नाही म्हणून कुठल्याही मुलाचा प्रवेश नाकारायचा नाही. ते वाचून मला आमचे डोक्यावरून कान धरायला लावणारे गुरुजी आठवले. त्यांनी तरी दुसरं काय केलं होतं?

पण पळवाट राहिलीच. कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा आहे. माझ्या भाचीची पोरगी साडेतीन वर्षांची. २०१३ साली दिल्ली हायकोर्टानं सांगितलं की दुर्बल घटकांच्या राखीव जागा सोडल्या तर खासगी शाळांच्या नर्सरी प्रवेशाला हा कायदा लागू होत नाही. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं अल्पसंख्याकांच्या शाळा कायद्यातून पूर्ण वगळल्या. आता बहुतेक शाळांत प्रवेश होतो तो नर्सरीला, आणि पहिलीत मूल आपोआप वर सरकतं. म्हणजे सहाव्या वर्षी कायद्याचं दार उघडतं, तेव्हा आतली बाकं भरलेली असतात. आणि चाळणीलाही आता कुणी मुलाखत म्हणत नाही. भेट म्हणतात, संवाद म्हणतात, फॅमिली मीटिंग म्हणतात.

राखीव जागांची गोष्टही इथंच सांगते. खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांच्या मुलांना, त्याही सोडतीनं. आपल्या राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागा द्यायला नकोत, असा. जुलै २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टानं तो बदल रद्द केला. नाहीतर गरिबाच्या मुलासाठी शेजारची खासगी शाळा पुन्हा गावकुसाच्या पलीकडे गेली असती.

हे सगळं लिहिताना मी खासगी शाळांवर उठलेय असं कुणी समजू नका. कोल्हापुरात तर एका जुन्या, नावाजलेल्या शाळेचं नावच 'प्रायव्हेट हायस्कूल' आहे! १८८० साली टिळक, आगरकर, चिपळूणकरांनी पुण्यात काढलेलं न्यू इंग्लिश स्कूल खासगीच होतं. भाऊराव पाटलांची रयत १९१९ साली निघाली तीही खासगीच. लीलाताई पाटलांनी १९८५ साली कोल्हापुरात सुरू केलेलं सृजन आनंद विद्यालय खासगीच. सरकार जिथं पोचलं नाही तिथं, किंवा जे सरकारला सुचलं नाही ते करायला, माणसांनी स्वतःच्या खिशातून शाळा काढल्या. खासगी या शब्दाला आमच्याकडं मोठा मान होता.

शाळावाल्यांचीही बाजू आहे. ते म्हणतात, आईबापांना भेटल्याशिवाय मूल कसं कळणार? अगदी बरोबर. मीही वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या घरी एकदा तरी जायचे. माझं म्हणणं एवढंच, की आधी चिठ्ठी टाका, मग चहाला बोलवा. मूल घेतल्यावर आईबापांना हवं तेवढं भेटा. तेव्हा बाप मोकळेपणानं सांगेल की मी लेथ चालवतो, आणि आई सांगेल की पोरीला अंधाराची भीती वाटते. निवड व्हायच्या आधी बोलावलंत तर तो बिझनेस सांगेल आणि ती सांगेल की आमची मुलगी कशालाच घाबरत नाही. म्हणजे तुम्हाला जे कळायला हवं होतं नेमकं तेच कळणार नाही.

तारा मोडक आणि अनुताई वाघ १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ साली कोसबाडला गेल्या, तेव्हा आदिवासी पोरं शाळेत येत नाहीत म्हणून त्या शाळाच घेऊन त्यांच्या अंगणात गेल्या. गुरं राखायला जाणाऱ्या पोरांच्या मागं कुरणात गेल्या. अंगणवाडी हा शब्द आपल्याला तिथून मिळाला. आजही एप्रिल-मे महिन्यात जिल्हा परिषदेचे शिक्षक पट टिकवायला घरोघरी फिरताना दिसतात. एकाच गल्लीत एका घरी गुरुजी दार वाजवत असतात, आणि शेजारच्या घरातले आईबाप आरशापुढं इंग्रजी वाक्यं म्हणत असतात.

तर त्या दोघांना मी काय सांगितलं?

जावईबापूंना सांगितलं, लेथ चालवतो म्हणूनच सांगा. उद्यमनगर नसतं तर कोल्हापूरची इंजिनं, पंप, मोटारींचे सुटे भाग कुणी केले असते? मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारा माणूस आपलं काम सांगायला लाजला, तर पोरगी काय शिकेल? सांगता येईल तेवढं इंग्रजीत सांगा, अडलं की मराठीत. शाळा महाराष्ट्रात आहे.

भाचीला सांगितलं, पाठांतर थांबव. आदल्या रात्री पोरीला लवकर झोपव, सकाळी पोटभर खाऊ घाल. ती जांभळा म्हणाली तर जांभळा. रंग बरोबर ओळखला ना, मग झालं.

आणि दोघांना सांगितलं की तयारी करायचीच तर तुमच्या प्रश्नांची करा, एका कागदावर लिहून न्या. एका वर्गात मुलं किती? पोरीनं शू लागली म्हणून मराठीत सांगितलं तर बाईंना कळेल का? का आधी इंग्रजीत म्हणून दाखवावं लागेल? वर्षाची एकूण फी किती, लेखी द्याल का? प्रत्येक पैशाची पावती मिळेल का? (कॅपिटेशन फी घ्यायला राज्यात १९८७ च्या कायद्यानंच बंदी आहे.) फी वाढवताना पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढं ठेवता का? २०११ च्या फी नियमन कायद्यात ते सांगितलंय. मुलाला मारता का? मागं पडलेल्या मुलाचं काय करता? या शेवटच्या प्रश्नाला मुख्याध्यापक कसं उत्तर देतात त्यावर शाळा ओळखा.

भाची म्हणाली, "मावशी, असं विचारलं तर घेतील का तिला?"

खरं सांगायचं तर नाहीही घेणार कदाचित. ही भीती खोटी नाही आणि मी ती खोटी ठरवली नाही. तिला म्हटलं, दुसरी शाळाही बघून ठेव, आणि ती कमीपणाची समजू नकोस. आमच्याच कोल्हापुरात जरगनगरची महापालिकेची शाळा आहे, मराठी माध्यमाची. तिथं गुढीपाडव्याला प्रवेशासाठी पालकांच्या रांगा लागतात, वर्तमानपत्रात फोटो येतात. रांगेचा त्रास आहेच. पण रांगेत पुढं कोण उभं आहे एवढंच बघतात. तो बिझनेस करतो की लेथ चालवतो, हे कुणी विचारत नाही.

मीटिंग पुढच्या आठवड्यात आहे. काय व्हायचं ते होईल. प्रश्नांचा कागद मात्र जावईबापूंनी घडी करून खिशात घातलाय आणि खाली स्वतःचा एक प्रश्न वाढवलाय, 'आमच्यासारख्याची मुलं आहेत का तिथं?' हा प्रश्न मी पन्नास वर्षांपूर्वी वाडीवरच्या ओट्यावर ऐकला होता, हे त्याला सांगितलं नाही.

आता घरच्या मंडळींना एक काम. आपल्या नात्यात १ जूनच्या वाढदिवसाची अजून सात-आठ माणसं आहेत. त्यांना विचारा, शाळेत पहिल्या दिवशी कोण घेऊन गेलं होतं? कान हाताला लागला होता का? आणि लिहून ठेवा. ही माणसं आता फार दिवस पुरणार नाहीत, आणि आपण सगळे कुठल्या दारातून आत आलो ते पोरांना कुणीतरी सांगायला हवं.